आठ नंबरचा बूट

अणदूरचा बिराप्पा दिसायला काही विशेष नव्हता. उंची बेताची, मिशा पांढऱ्या, बोलणं गरजेपुरतं. गावात ख्याती होती ती त्याच्या पायांची. मेंढरं होती तेव्हा त्यानं आसपासच्या सगळ्या टेकड्या पालथ्या घातल्या होत्या. अंधारात पायाखालच्या मातीवरून आपण कुणाच्या रानात आलोय ते तो सांगायचा. ते बरोबर निघायचं, आणि एखाद्या वेळी नाही निघालं तरी लोक बरोबर निघालं असंच पुढं सांगायचे.

मेंढरं विकल्यावर नवरा घरी बसेल असं कोंडाबाईला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. सुटीच्या दिवशी शहरातली पोरंपोरी पाठीवर पिशव्या टाकून टेकड्या चढायला येऊ लागली आणि त्यांना वाटाड्या लागू लागला. बिराप्पा पुढं, मंडळी मागं. ज्या माळावरून आपण मेंढरं हाकली तिथं ही माणसं हौसेनं घाम गाळायला येतात, याचं त्याला हसू यायचं. पण काम आवडायचं. खरं सांगायचं तर चालण्याशिवाय दुसरं काही त्याला येतही नव्हतं.

मग साखर निघाली. चहा अगोड झाला, भात सुटला, गोळ्या सुरू झाल्या. त्याचं त्याला एवढं काही वाटलं नाही. वाईट झालं ते हे की तळवे हळूहळू मुके झाले. बाभळीचा काटा अंगठ्यात मोडला आणि बिराप्पा तो घेऊन दोन दिवस हिंडला. अंगठा सुजून चिघळला तेव्हा कुठं कळलं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "पायाला कळत नाही, आता डोळ्यांनी बघायचं. उघडी वहाण बंद. परत अशी जखम चिघळली तर बोटावर निभावणार नाही, पाय काढावा लागेल."

घरी येऊन त्यानं कोंडाबाईला एवढंच सांगितलं, "बूट घाला म्हणले." बाकीचं गिळून टाकलं. कळलं असतं तर तिनं टेकडीचं नावही काढू दिलं नसतं, ही एक भीती. आणि ज्या पायांचं गाव कौतुक करतं त्या पायांना आता काही समजत नाही, हे बोलायची लाज. ही लाज भीतीपेक्षा मोठी होती.

लोहाऱ्यात एसटी स्टँडजवळ समदचं दुकान आहे. ताडपत्र्या, विजेऱ्या, पाण्याच्या बाटल्या आणि लष्करी धर्तीचे बूट. समद माणूस गोड, पण बुटांवर बोलायला लागला की आवरत नाही. सकाळच्याच जीपनं गेलेल्या बिराप्पासमोर त्यानं आधी काळे, अख्ख्या कातड्याचे, वजनदार बूट ठेवले.

"हे मजबूत हायत मामा, पण तुमच्या कामाचे न्हायत. वढा वलांडला की पानी आत जातंय आन् तितंच ऱ्हातंय. दिवसभर पाय भिजत पडतोय." मग त्यानं हिरवा जोड काढला. "हे जंगल बूट. नाकाला आन् टाचंला कातडं, बाजूला जाड कापड. ही बारकी भोकं बघा. आत गेलेलं पानी चालता चालता हितनं भाईर. तळव्यात पत्रा हाय, काटा वर येत न्हाय. घोट्याच्या वर बांधायचा, पाय मुरगळत न्हाय."

भोकं बघून बिराप्पानं नाक मुरडलं. नव्या कोऱ्या वस्तूला भोकं कशाला, हा त्याचा सरळ प्रश्न होता. पण तळव्यातला पत्रा ऐकून तो तयार झाला.

समदनं नऊ नंबर घातला. बिराप्पा दुकानातल्या दुकानात फिरला आणि हिरमुसला. पायात काही आहे असं वाटेचना. "ढिल्ला हाय," तो म्हणाला. मग आठ नंबर आला. फीत ओढून बांधली, तो उभा राहिला, आणि कितीतरी महिन्यांनी त्याला पाऊल जाणवलं. कुणीतरी दोन्ही हातांनी धरल्यासारखं. त्याचा चेहरा उजळला.

"तंग हुईल मामा," समद म्हणाला. "दुपारनंतर पाय फुगतोय. मोजा पन जाड घालावा लागतोय. कुठं चावतोय का बगा."

"न्हाय, बसलाय बराबर."

"नवा बूट चार दिस चावतोच."

"ह्यो न्हाय चावत," बिराप्पा अभिमानानं म्हणाला. गिऱ्हाईक एवढं खूश असताना दुकानदारानं किती अडवायचं? समदनं खोकं बांधून दिलं.

पुढच्या रविवारी वीसेक जणांची मंडळी आली. बिराप्पा दिवसभर पुढं होता. सराट्याचे काटे तुडवले, ओढा पार केला, बुटातलं पाणी भोकांतून भसाभस बाहेर पडलं तेव्हा त्यानं समदला मनातल्या मनात मानलं. पोरांनी बुटांचं कौतुक केलं. दोन पोरींच्या टाचा सोलल्या होत्या, त्यांना त्यानं उपदेशही केला की जोडा पारखून घ्यावा.

घरी आला तो चांगलाच रंगात होता. कोंडाबाईनं पाणी दिलं. त्यानं ओसरीवर बसून फीत सोडली, बूट ओढला. मोजा लाल झाला होता. करंगळीचं आणि शेजारच्या बोटाचं कातडं मोज्याबरोबर निघून आलं. टाच उघडी पडली होती. दुसरा पायही तसाच.

"आवं, ह्ये काय?" ती त्याच्या पायाशी वाकली.

"दुखत न्हाय," तो घाईनं म्हणाला.

ती त्या टाचेकडं बघत राहिली. मग मान वर करून तिनं विचारलं, "दुखत न्हाय म्हंजी?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानं खाली बघत सगळं सांगितलं. कोंडाबाई रागावली नाही, याचंच त्याला जास्त भय वाटलं. तिनं जखमा धुतल्या, सकाळी दवाखान्यात नेलं आणि बूट माळ्यावर टाकले.

पाय वाचला. पण जखमा भरायला पावसाळा गेला. बिराप्पा ओसरीवर बसून राहिला. मंडळी येत, दुसऱ्या कुणाला तरी घेऊन जात. सुरुवातीला तो त्यांना वाटा सांगायचा, मग तेही बंद केलं. जेवण कमी झालं. कोंडाबाई हे सगळं बघत होती. टेकडी बंद करून पाय राहील, माणूस राहील का, याचा तिचा हिशेब काही केल्या लागेना. शेवटी एका दुपारी तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "उटा. लोहाऱ्याला जाऊ."

समदनं आठ नंबरची गोष्ट ऐकून घेतली. मग म्हणाला, "मामा, मला तवाच सांगायचं की."

"लाज वाटली," बिराप्पा म्हणाला. "पायाला काय कळतच न्हाय, समदभाई." दुकानात दोन अनोळखी गिऱ्हाइकं होती, त्यांच्यादेखत म्हणाला.

समदनं पुठ्ठ्यावर दोन्ही पायांची आखणी केली, ती बुटांच्या तळाला लावून बघितली आणि मोठ्या मापाचा, पुढून रुंद असा जोड काढला. त्यानं तो बिराप्पाच्या पायापाशी नेला तोच कोंडाबाईनं हात पुढं केला.

"हिकडं द्या."

ती दुकानाच्या फरशीवर बसली. चारचौघांत नवऱ्याशी मोकळं बोललीही नसेल अशी बाई. तिनं बांगड्या मागं सारल्या आणि कोपरापर्यंत हात बुटात घातला. बोटांनी नाक चाचपलं, टाच चाचपली, आतली शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासत गेली. समद थांबला होता. बूट कुठं लागतोय ते कळावं म्हणून बिराप्पा तिच्या चेहऱ्याकडं बघत बसला होता.