ताईंच्या भावाची देणगी

साताऱ्यात आमच्या गल्लीत पिको-फॉल करणाऱ्या एक ताई आहेत. त्यांच्या थोरल्या भावाला ऑटिझम आहे. तो दिवसभर मशीनशेजारी बसून रंगीत रिळं न्याहाळतो. ताई त्याला कधी जवळ घेत नाहीत, कारण कुणी हात लावलेला त्याला खपत नाही. सिनेमे बघितलेली गिऱ्हाइकं मात्र आशेनं विचारतात, "गणितात लय हुशार असंल, न्हाई?" दातांनी दोरा तोडत ताई म्हणतात, "साधी बेरीज येत न्हाई. जेवतो मात्र झकास."

गेल्या महिन्यात अशाच बहीण-भावाचा सिनेमा लागला, तेव्हा ती दोघं आमच्यासोबत आली. पडद्यावरच्या भावानं पियानो वाजवला आणि सारं थिएटर मुसमुसू लागलं. ताईंचा भाऊ खूश होऊन मोठ्यानं हसला. रुमालानं डोळे पुसणाऱ्या शेजारच्या बाई वळून म्हणाल्या, "अहो, याला बाहेर न्या ना! सगळा मूड गेला."

"आवं, त्याच्यावरच तर सिनेमा हाय," ताई म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत. आवाज शांत होता, पण ओढणी मुठीत आवळलेली होती.

सिनेमा संपल्यावर त्याच बाई पाघळून बाहेर आल्या. "सॉरी हं. यांच्यात देवाची काहीतरी देणगी असतेच. याच्यात कुठली?"

"मनात नसलं की तोंडावर न्हाई म्हणतो."

बाईंना ते फारच गोड वाटलं. मोबाइल काढून त्या भावाच्या खांद्यावर हात टाकायला सरसावल्या. "एक सेल्फी घेऊ या?"

"न्हाई," भाऊ म्हणाला आणि रिक्षात जाऊन बसला.