हातावरचं दही

तेव्हा आम्ही हुबळीत दवाखान्याच्या मागच्या गल्लीत राहायचो. परगावची माणसं पेशंट घेऊन यायची, त्यांना कोण रांधून घालणार? म्हणून मी रोज सकाळी एखाद्या खाटेला भात-सारू नेऊन द्यायची.

अळणावरकडची एक बाई होती, तिची चार वर्षांची मुलगी. पोरीच्या डाव्या डोळ्यात मांजरासारखं पांढरं चमकायचं. कॅन्सर हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. डॉक्टर म्हणाले, आत गाठ आहे, डोळा काढला नाही तर मेंदूत शिरेल. आईला तीन दिवस समजावलं मी. "एका डोळ्याची पोर कोण करून घेईल, अक्का?" हेच तिचं. शेवटी कशीबशी हो म्हणाली.

ऑपरेशनच्या सकाळी मी गेले तर आई नळावर गेलेली. पोर एकटी, भेदरलेली. आमच्यात कुणी मोठ्या कामाला निघालं की हातावर दही-साखर ठेवतात. मीही ठेवली. पोरीनं चाटूनपुसून खाल्ली, वर आणखी मागितली. दिली.

आई आली, पाठोपाठ नर्सबाई पेशंट न्यायची गाडी घेऊन. "पोटात काही गेलं नाही ना? पाणीसुद्धा?"

"नाही बाई. रात्रीपासून उपाशीच ठेवलीय."

"बरं केलंस. भरल्या पोटी क्लोरोफॉर्म दिला तर उलटी श्वासात अडकते. पोर हातची जाते."

सांगावं तर आजचं ऑपरेशन राहणार, आणि ही बाई पोरीला उचलून गाव गाठणार. न सांगावं तर... गाडी पार ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. मग ओरडलेच, "थांबा! मी दही दिलंय तिला!"

डॉक्टर मला जे बोलले ते इथं लिहीत नाही. ऑपरेशन उद्यावर गेलं.

आता ही गाठोडं बांधणार, म्हणून मी तिच्या हातांकडेच बघत राहिले. तिनं पोरीला मांडीवर घेतलं.

"शिकलेल्या घरची तू, आणि हे?"

"चुकलं गं माझं."

"उद्या पोरीजवळ जाऊ नको. माझ्याजवळ बस. मला एकटीला त्या दारापाशी बसवणार नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दाराबाहेर बसलो. तिनं माझं मनगट असं आवळलं होतं की बांगडी पिचली. आत किती तरी वेळ आवाज नाही. कालचं दही अजून पोटात असेल का, एवढंच माझ्या डोक्यात.

मग पोर रडली.

"रडतीय, अक्का!"

"रडू दे की," मी म्हणाले, आणि मलाच हुंदका फुटला.