डाव्या चाकाजवळचा सांधा

लग्नाला सदतीस वर्षं झाली, त्यातली दोन तानाबाईनं नवऱ्याबरोबर काढली. बाकीची पस्तीस ट्रकनं खाल्ली. हे ती रागानं सांगायची नाही. पाऊसपाण्याचं बोलावं तसं सांगायची. हंबीरराव कोल्हापूरच्या मार्केट यार्डातनं गुळाचे रवे भरून गुजरातला जायचा, बारा दिवसांनी यायचा, दोन रात्री झोपायचा आणि पुन्हा निघायचा. लेक पूर्णिमा जन्मली तेव्हा तो सुरतेत होता. तिच्या साखरपुड्याला पोचला तोवर पावणं जेवून गेलं होतं.

मग ट्रक म्हातारा झाला. स्टेअरिंग पाव फेरा फिरवलं तरी चाकांना पत्ता नसायचा. पासिंगच्या साहेबानं गाडी नापास केली आणि ती गारगोटी रस्त्याच्या वस्तीवर, घरापुढच्या आंब्याखाली येऊन उभी राहिली. तानाबाईच्या आयुष्यातली काय ती चैन म्हणायची ती हीच दोन वर्षं! माणूस सकाळी दारात दात घासताना दिसायचा. दुपारी ती भाकरी थापत असली की मागं येऊन बसायचा, आमटीत मीठ कमी पडलंय म्हणून कटकट करायचा. तिला ती कटकटही गोड लागायची. पण ह्याचं चित्त कुठलं घरात? रस्त्यावर जड गाडीचा हॉर्न वाजला की घास हातातच राहायचा. झोपेत भरूच, अंकलेश्वर अशी नावं बडबडायचा. अंग घरात आणि जीव रस्त्यावर, असल्या माणसावर रागवायचं तरी कसं?

एक दिवस तो कोल्हापुरातनं स्टेअरिंगचे दोन नवे सांधे घेऊन आला. पुढच्या दोन्ही चाकांजवळ एकेक असतो, तेच झिजलेत की आणखी काय ते बघायचं होतं. गॅरेजवाल्याच्या हातात गाडी द्यायला त्याचं मन घेईना. आपल्या दारातच करतो म्हणाला. सोमवारी पासिंग होतं. झालं तर गाडी पुन्हा लाईनवर, नाहीतर भंगारात.

काम दोघांचं. एकानं केबिनमध्ये बसून स्टेअरिंग डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्यानं चाकाशी बसून सांध्यावर हात ठेवायचा. झिजलेला सांधा हाताला टकटक लागतो, चांगला असला तर काही जाणवत नाही. स्टेअरिंग जड, तिच्यानं हलण्यातलं नव्हे. म्हणून तो वर चढला आणि तानाबाई गोणपाट टाकून खाली बसली.

उजवा सांधा तर हात ठेवल्या ठेवल्या ठोकायला लागला. हंबीररावानं जॅक लावला, हातोडीनं तो सोडवला. जुना सोडताना किती आटे सुटतात ते मोजायला त्यानं तिला सांगितलं. नवा तेवढेच आटे बसवायचा, नाहीतर दोन चाकं दोन दिशांना तोंडं करतात. तिनं मोजले, पंधरा भरले. त्यानं तिच्या शब्दावर पंधरा घातले, पुन्हा तपासलं नाही. इतक्या वर्षांत त्यानं तिला विचारून असं काही केलं नव्हतं. ग्रीसनं कोपरापर्यंत काळी झालेली तानाबाई मनातनं अगदी नवी नवरी झाली होती.

मग डावा. तिनं हात ठेवला. वरनं त्यानं विचारलं, काय लागतंय का? लागत होतं. बारीक, पण लागत होतं.

“न्हाय,” ती म्हणाली.

तो शीळ घालत उतरला आणि पाने-हातोडी पुसायला लागला. साहेब सोमवारी स्टेअरिंग हलवून बघणार, डावा सांधा वाजणार, गाडी माघारी येणार आणि माणूस घरात राहणार. एवढंच तर तिला हवं होतं. आजवर नशिबाकडं मागितलं तरी काय होतं तिनं? ती चहा टाकायला आत गेली. आधणाला उकळी आली आणि दुसराच विचार मनात आला. साहेबाला कळलंच नाही तर? हा बाबा त्याच सांध्यावर दहा टन गूळ घेऊन घाट उतरणार. चहा तसाच सोडून ती बाहेर आली.

“अवो, डावा बी हालतोय.”

“मगाशी न्हाय म्हणालीस की.”

“मगाशी तुमी घरात ऱ्हावं असं वाटलं मला.”

एरवी बारीकसारीक गोष्टीवर घर डोक्यावर घेणारा माणूस, पण त्या दिवशी हातातला पाना नुसता फिरवत राहिला. मग त्यानं डाव्या चाकाखाली जॅक सरकवला. आटे याही वेळी तिनंच मोजले.

सोमवारी गाडी पास झाली. बुधवारी गूळ भरून सकाळी तो घरापुढं थांबला. डबा घेतला, पाण्याचा कॅन घेतला, केबिनमध्ये चढला आणि परत खाली उतरला. तिच्याकडं न बघता म्हणाला,

“चल की संगं. सुरत बघून येऊ.”

हे ऐकायला तिनं किती वर्षं कान लावले होते! लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तर कुठली साडी नेसायची तेही ठरवून ठेवलं होतं. आणि आता तोंडातनं काय निघावं?

“म्हशीची धार कोन काढंल?”

तो ‘ते बी खरंच’ म्हणाला आणि निघाला. स्टेअरिंग वळवलं तशी चाकं लगेच वळली, गाडी जराही डगमगली नाही. तानाबाई धुरळा बसेपर्यंत उभी राहिली.

संध्याकाळी शेजारची चिमणाबाई दूध न्यायला आली. तानाबाईनं धार काढता काढता तिला सगळं सांगितलं. हसत सांगायला गेली, पण हसू काही शेवटपर्यंत टिकलं नाही. चिमणाबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

“मला एक हाक मारायचीस की तानाक्का. मी काढली असती धार.”

चिमणाबाईचं घर चार पावलांवर होतं. सकाळी तानाबाईला ते आठवलंच नव्हतं, आणि आता ट्रक पुण्याच्याही पुढं गेला होता.