कोलाडला थांबलेली गाडी

तिघं जण रोज एकाच गाडीतून कामाला जात असले की किस्से साठतातच. लिहून कुणी ठेवत नाही. पण एकाने नुसता शब्द टाकला की बाकीच्यांना सगळं आठवतं. आम्ही पेणचे. सकाळी रामवाडीला कंपनीची बस पकडायची आणि रोह्याला फर्स्ट शिफ्टला उतरायचं. गेल्या वर्षभरातले आमचे बहुतेक किस्से एका गेमचे आहेत. तो आमच्यातल्याच संदेशने बनवला. मोबाइलवर पेण ते रोहा बस चालवायची, बाकी काही नाही. आणि त्यात चुका इतक्या, की मोजायचा आम्ही नाद सोडला.

पण गेम गंमत म्हणून बनवलेला नव्हता, हे आधी सांगतो. संदेशचे वडील, अण्णा, जन्मभर बस चालवत होते. त्यांना लकवा मारला. डावा हात लुळा पडला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले होते, हात हलवत राहा, बोलायचा प्रयत्न सोडू नका. अण्णांनी दोन्ही सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. निदान स्टिअरिंग म्हणून तरी ते दोन्ही हातांनी मोबाइल धरतील, एवढ्यासाठी संदेश रोज घरी येऊन कॉम्प्युटरसमोर बसत होता.

*

गेम पहिल्यांदा त्याने आम्हाला बसमध्येच दाखवला. पेण सोडलं की रस्त्याला लागून मिठागरं काढली होती, पण तिथे गाडी अडवायचं तो विसरला. माझी बस सरळ मिठात शिरली आणि पलीकडून बाहेर आली.

आमचा तिसरा, अनंत, मिठागरवाल्यांच्या घरचा. त्याचा चेहराच उतरला. "आमचा आजा मिठागरात कुणाला चप्पल घालून येऊ देत नव्हता," तो म्हणाला. "तू बस घातलीस रे!"

गेम सगळ्यात जास्त खेळला तो अनंतनेच. पण त्याची बस कधी मिठात गेली नाही. जीव मुठीत धरून तो ती बांधावरून न्यायचा. गेममध्ये असं काही करायचंच नव्हतं, तरी त्याचा तोच खेळ झाला.

*

नंतर नागोठण्याची बाई आली. हिरव्या साडीतली ही बाई नागोठण्याला चढायची आणि उतरायचीच नाही. रोह्याला गाडी रिकामी झाली तरी ही सीटवर. परत पेणला आणली तरी सीटवर. आम्ही तिचं नाव आत्या ठेवलं. पुढे कंपनीत मीटिंग संपल्यावरही जो साहेब बोलत राहायचा, त्यालाही आम्ही आत्याच म्हणू लागलो.

संदेशने एका रविवारी बसून ती चूक काढली. सोमवारी आत्या कोलाडला मुकाट्याने उतरून गेली. अनंत दिवसभर त्याच्याशी धड बोलला नाही. मीही म्हटलं, तिला परत बसव.

संदेश चिडला. "तुम्हाला हसायला नाय केला मी," म्हणाला. मला वाईट वाटलं. माझ्या मोबाइलमध्ये मोठ्या कंपनीचा एक बसचा गेम होता. त्यात काचेवरचे पावसाचे थेंबसुद्धा खरे वाटायचे, आणि दोन दिवसांत मी तो काढून टाकला होता. ह्याचा गेम मी रोज उघडत होतो. हे त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही.

*

अण्णा मात्र गेमकडे बघायला तयार नव्हते. संदेशला वाटायचं, चुकांमुळे. म्हणून तो आणखी चुका काढत बसायचा.

एकदा त्याच्या घरी मी कॉटशेजारी बसून खेळत होतो. चढ आला आणि माझी बस टॉप गिअरमध्येच भरभर वर चढली. अण्णांनी घशातून आवाज काढला. मला वाटलं, काही दुखतंय. मी वाकलो, तर त्यांनी उजव्या हाताने माझ्याकडून मोबाइल ओढून छातीवर घेतला आणि त्याच हाताचं बोट गिअरच्या खुणेवर आपटलं. भरलेली गाडी अशी चढत नाही, हे त्यांना सांगायचं होतं.

त्या दिवसापासून ते रोज चुका दाखवू लागले. वळण चुकलंय. आरसा उलट्या बाजूला आहे. मोबाइल उजव्या हातात असला की दाखवायला डावाच हात उरायचा. तो थोडा थोडा उचलू लागला. तोंडातून शब्द मात्र नाही. संदेशची आई, आमच्या काकू, रोज समोर बसून त्यांच्याशी बोलायच्या आणि उत्तराची वाट बघून उठायच्या. संदेशने गेममधल्या चुका काढायचं थांबवलं.

*

गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही तिघं तिथेच होतो. काकू पातेलं पुढे घेऊन वाल सोलत होत्या. अण्णा आता स्वतःच खेळत होते, एका हाताने. कोलाडला प्रवासी चढले, दार लागलं, आणि एकच बेल वाजली.

एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. कंडक्टरने डबल दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी काढत नाही. संदेशकडून कोलाडला दुसरी बेल टाकायची राहून गेली होती. आम्ही तिघांनी ते शंभरदा पाहिलं होतं आणि शंभरदा तशीच गाडी काढली होती. अण्णा थांबले.

पाच मिनिटं गेली. संदेश म्हणाला, "अण्णा, ती माझी चूक हाय. काढा तुम्ही गाडी." त्यांनी मान हलवली. तो मोबाइल घ्यायला पुढे झाला, तर त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला. दोन्ही हातांनी. अनंतने माझा दंड दाबला.

मग अण्णांनी मान वळवून काकूंकडे पाहिलं. ओठ वाकडे झाले, पुन्हा सरळ झाले. मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"डबल," अण्णा म्हणाले. "डबल दे गो."

काकूंच्या हातातला वाल खाली पडला. त्यांनी शेजारची पळी उचलली आणि पातेल्यावर दोनदा वाजवली.

अण्णांनी गाडी काढली.