पुरीहून विकलेलं घर

धुरपताबाईने घर विकायचं ठरवलं तेव्हा सगळ्या गावाला वाईट वाटलं. तिला सोडून.

गाव नवेगाव बांधच्या अलीकडे, डांबरी रस्त्याला लागून. घर सहा खोल्यांचं, मातीच्या भिंतींचं. पुढे ओसरीसारखी सपरी, मागे परसाची सांदवाडी, आणि मधलं अंगण एवढं ऐसपैस की धाकटा दीर देवचंद याच्या ट्रॅक्टरची ट्रॉली तिथे कायमची मुक्कामाला आली होती. एवढ्या घरात राहणारं माणूस एक. बाकी पाली, उंदीर आणि छपरावर जंगलातून येणारी वानरं. शेजारपाजारच्या स्लॅबवर जायची सोडून ती नेमकी हिच्याच कवेलूंवर उड्या मारत. दर उन्हाळ्यात कवेलू फेरायचे आणि दर पावसाळ्यात घरातली सगळी गंज-पातेली गळतीखाली मांडायची, यात धुरपताबाईचं आयुष्य गेलं होतं.

सतराव्या वर्षी ती या घरात आली तेव्हा सासूने तिच्या हातात पहिली वस्तू दिली ती झाडणी. तेव्हापासून सडा, सारवण, पोतेरं. नवरा योगराज वनखात्यात मजुरीला होता. जंगलातले सगळे पाणवठे त्याला तोंडपाठ, घरातला माठ मात्र कधी सापडला नाही. माणूस गरीब स्वभावाचा. घर नावावर करायची वेळ आली तेव्हा तलाठ्याकडे येरझारा घालायचा कंटाळा आला म्हणून त्याने ते सरळ बायकोच्या नावावर करून टाकलं. त्याच्या हातून झालेलं हे सगळ्यात मोठं काम, आणि तेही आळसाने. सहा वर्षांपूर्वी तो गेला. तेरवीची भांडी घासून होताच धुरपताबाईने ठरवलं, आता पुरे. आपलं लग्न योगराजशी झालं होतं, घराशी नाही.

पण गावात घर असं विकता येत नाही. आधी भाऊबंदांना विचारायचं, ही रीत. तिने देवचंदला विचारलं.

"मीच घेतो ना, वयनी," देवचंद म्हणाला. "बाहेरच्याले कायले द्याचं? धान निघू दे फक्त."

धान निघालं. मग प्रतापगडची यात्रा होऊ द्यायची होती. मग लग्नसराई, मग रोवणी, मग पुन्हा धान. देवचंदला घर घ्यायचं नव्हतं आणि दुसऱ्याला घेऊ द्यायचं नव्हतं. वाडवडिलांनी तलाव बांधले, तेव्हापासून या घराण्यातल्या पुरुषांना गावातली कुठलीही वस्तू आपलीच वाटे. देवचंदला जरा जास्त. चुकून एखादं गिऱ्हाईक आलंच, तर तो दातून चघळत सपरीत येऊन बसायचा, पाहुण्याला चहा पाजायला लावायचा आणि शांतपणे सांगायचा, "घर इकाचं नाई आहे जी." चहा धुरपताबाईचा, साखर धुरपताबाईची.

मुलगा पीयूष पुण्याला. त्याला घराबद्दल फार माया. दिवाळीत दोन दिवस यायचा, दाराच्या चौकटीचे फोटो काढायचा आणि डास चावतात म्हणायचा.

"आई, आपली मुळं आहेत तिथे," तो फोनवर म्हणाला.

"मुळं आहेत त माती घालाले ये," ती म्हणाली. त्यावर पीयूषने डास मारायची रॅकेट पाठवली.

म्हणून धुरपताबाईने वेगळी वाट धरली. बचत गटाच्या बायका जगन्नाथपुरीला निघाल्या होत्या. तिनेही नाव दिलं. गावाला वाटलं, देवदर्शन. खरं कारण ठाऊक होतं फक्त नंदाबाईला. ही तिची बालपणची मैत्रीण, अर्जुनी स्टेशनजवळ राहायची, आणि सहलीलाही सोबत होती. तिच्या घरामागे दोन खोल्या निघाल्या होत्या, स्लॅबच्या, नळ दारात. मालकाने एवढंच म्हटलं होतं, सहलीहून आलात की नक्की सांगा, नाहीतर दुसऱ्याला देतो. म्हणजे पुरीत असतानाच घर विकलं जायला हवं होतं. गिऱ्हाईकही तयार होतं, गोंदियाचे नंदलालजी. तलाव पाहायला येणाऱ्या पर्यटकांना उतरवायला त्यांना असं मातीचं घर हवं होतं. ते घर पाहून जाणार, पसंत पडलं तर फोनवर सौदा. किल्ली शेजारच्या चंदाकडे. दिवस ठरला गावच्या मंडईचा, कारण मंडईच्या दिवशी देवचंद मंडळाचा अध्यक्ष असतो आणि गळ्यात हार असलेला माणूस सपरीत दातून चघळत बसत नाही.

बेत चोख होता. फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानातून निसटली, आणि तीच निसटायला नको होती. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि घरोघरी एवढे पाहुणे की यजमानालाच झोपायला जागा उरत नाही. अशा दिवशी बंद घर कुणी बंद राहू देत नाही. चाळीस मंडयांत तिने स्वतः कुणाकुणाला त्या सपरीत झोपवलं होतं, तरी आपल्या घराला कुलूप लावलं की ते लागून राहील असं तिला वाटलं. दुसरी किल्ली देवचंदकडे होती, योगराज आजारी होता तेव्हापासूनची.

पुरीला पोचल्यावर देवदर्शन तिने लवकर आटपलं. पंड्याने सांगितलं की जगन्नाथ दरवर्षी रथात बसून मावशीकडे राहायला जातो.

"पाह्य, देव बी कंटाळते घरी," ती नंदाबाईला म्हणाली आणि समुद्राकडे चालू लागली.

समुद्र तिला आवडला. एवढं अंगण, आणि झाडायला लागत नाही. ती वाळूत बसली तोच नंदलालजींचा फोन आला.

"मौसी, आपने तो कहा था घर खाली है."

"खालीच है जी."

"आपकी सपरी में एक इन्स्पेक्टर दाढ़ी बना रहा है. अंदर दो रानियाँ सो रही हैं. और आँगन में ट्रॉली पर बैठकर एक आदमी तलवार से प्याज़ काट रहा है."

धुरपताबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "वो नाटकवाले होंगे, नंदलालजी. आज मंडई है ना. कल चले जायेंगे."

"वो तो जायेंगे, मौसी. लेकिन जिस घर की चाबी पूरे गाँव के पास हो, वो घर मैं नहीं लेता." त्यांनी नमस्कार केला आणि फोन ठेवला. माणूस भला होता. मोटारीत बसण्याआधी इन्स्पेक्टरलाही नमस्कार करून गेला, असं नंतर कळलं.

तिने चंदाला फोन लावला. "कोनं उघडलं घर?"

"देवचंद काकाजीनं जी," चंदा म्हणाली. "नाटक कंपनी सकाळीच आली, कालचं नाटक बाजूच्याच गावात होतं त. मंडळवाले म्हणत होते शाळेत झोपवू. काकाजीनं सगळ्यायसमोर खिशातून किल्ली काहाडली अना म्हणाले, कलाकारायले शाळेत कायले झोपवता, आमचं घर खाली आहे ना."

"आमचं?"

"आमचंच म्हणाले, काकी."

धुरपताबाईने फोन मांडीवर ठेवला. सोमवारी घरी परतायचं. दोन खोल्या दुसऱ्या कुणाच्या. मग धान निघेल, मग प्रतापगडची यात्रा.

नंदाबाई शहाळं घेऊन आली. "रडतेस का काय?"

"समोर एवढं खारं पानी आहे," धुरपताबाई म्हणाली. "त्यात मी कायले भर घालू?"

तेवढ्यात मांडीवरचा फोन पुन्हा वाजला. चंदाचाच नंबर, पण आवाज वेगळा; भरलेला, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा.

"मावशी, मी मंजू. रात्रीच्या नाटकात मी आई आहे."

"कोनाची?"

"हिरोची. पाच वर्षांआधी नाटकात मी त्याचीच बायको होती." ती हसली नाही, हे तिचं खूपदा सांगून झालं असावं. "तुमचं शेटसंगं बोलनं माझ्या कानावर आलं. घर मले द्या. शेट देत होता तेवढंच देतो."

"तुले कायले पायजे?"

"सीझनभर रोज नवं गाव. उतरलो की लोक म्हणतात, घर तुमचंच समजा. सकाळी चहा देतात अना मागून कुलूप लावतात. पावसाळ्यात चार महिने भाड्यानं खोली मागाले गेली की इचारतात, काय करता? नाटकात आहो म्हणलं की खोली भरलेली निघते. पैसे आहेत, मावशी. घरवाला सापडत नाई." थांबून तिने पुस्ती जोडली, "नवरा नाई म्हणत, घराचा मालक म्हणून राहिली."

धुरपताबाई पुण्याच्या दलालासारखी असती तर गप्प बसली असती. पण खोटं बोलायची सवय नव्हती आणि आता लावून घ्यायचं वय नव्हतं.

"छत गळते," ती म्हणाली.

"बरं."

"वानरं येतात. कवेलू फोडतात."

"वानरायले मी तिकीट नाई लावत."

"मोरी तुंबते. अना दीर बाजूलेच राहाते."

"तो बी तुंबते का?"

"तो वाहातच नाई, बाई. साचूनच राहाते."

पलीकडे पहिल्यांदा हसू ऐकू आलं, आणि त्या हसण्यावर धुरपताबाईचा सौदा ठरला. राहिला प्रश्न देवचंदचा. उद्या सकाळी तो सपरीत येणार, मंजूच्या हातचा चहा पिणार आणि सांगणार की घर इकाचं नाई आहे जी. भाऊबंद मान हलवणार. नाटकवाली बाई आपल्या आळीत, म्हणजे तर दोन्ही बाजूंनी हलवणार.

फोन कानालाच ठेवून धुरपताबाईने समुद्राकडे पाहिलं. दिराला ती चाळीस वर्षं ओळखत होती. माइकसमोर उभा केला की त्याच्यात एक बदल होई: हातात जे ठेवाल ते तो घेई. नारळ, शाल, हार, एकदा तर कुणाचं तरी रडकं लेकरू. एका मंडईत मंडपवाल्याने स्टेजवर बिल हातात दिलं, तेही त्याने कपाळाला लावून घेतलं होतं.

"मंजूबाई, रात्री उद्घाटनाले तू स्टेजवर राहाशील?"

"सगळेच कलाकार राहातात. सत्कार असते ना."

"मंग बयान्याचे पैसे माझ्या दिराच्या हातात दे. माइक चालू असला पायजे."

संध्याकाळी समुद्र काळा झाला. लाटांचा फक्त पांढरा काठ दिसत होता. बचत गटाच्या बायका शिंपल्यांच्या माळांचा भाव करत होत्या, आणि धुरपताबाई नि नंदाबाई फोनला डोकी लावून बसल्या होत्या. तिकडे चंदाने फोन थेट भोंग्याखाली धरला होता.

देवचंद बोलत होता. आपल्या घराण्याने तलाव बांधले, पाणी दिलं. आज कलेला निवारा देण्याचं भाग्य लाभलं. "कलाकार आमच्या घरचे. घर तुमचंच समजा," तो म्हणाला आणि टाळ्यांसाठी थांबला. टाळ्या पडल्या. दरवर्षी याच वाक्यावर पडत.

मग मंजूचा आवाज आला. "अध्यक्ष साहेबांनी आत्ताच म्हटलं, घर तुमचंच समजा. मी पंधरा वर्षं हे ऐकून राहिली. पण स्वतःच्या हातानं दार उघडून, किल्ली देऊन बोलणारे हे पहिलेच. धुरपताबाईंनी ठरल्या भावात हे घर मले दिलं. सोमवारी त्या आल्या की अर्जुनीले रजिस्ट्री. घरातले वडीलधारे म्हणून बयाना अध्यक्ष साहेबांच्या हातात देतो. माझ्यावर असाच हात राहू द्या, दादा."

पाच गावांची माणसं शेतात बसलेली. क्षणभर भोंग्यातून नुसती घरघर ऐकू आली. मग मागून एक शिट्टी आली, तिच्यामागून दुसरी, आणि मग अशा टाळ्या पडल्या की चंदाचा फोन खरखरू लागला.

"चंदा," धुरपताबाई ओरडली, "घेतलं का हातात?"

"घेतलं जी," चंदा म्हणाली. "कपाळाले लावलं. फोटो बी निघाला."

फोटो देवचंद अंगणातल्या आपल्या ट्रॉलीपर्यंत पोचायच्या आत पुण्याला पोचला. पीयूषचा फोन आला. "आई, अगं हे काय? आपली मुळं..."

"मुळं घेऊन जा ना, बाबू," धुरपताबाई मायेने म्हणाली. "कुंडी मी देते."

मग तिने अर्जुनीच्या दोन खोल्यांचं सांगितलं. त्याने विचारलं, त्या दोन खोल्यांत पंखा आहे का. मग तिला वाटलं, पोरगं अगदीच वाया गेलेलं नाही.

शेवटी देवचंदचा फोन आला. मागे नाटकाची पेटी वाजत होती. हार बहुधा अजून गळ्यात असावा.

"वयनी, तू मले इचारलं नाई."

"इचारलं, भाऊजी. सहा वर्षं इचारलं."

पेटी वाजतच होती. देवचंदने घसा खाकरला, आणि आवाजात अध्यक्ष उरला नव्हता.

"मंग ट्रॉली कुठी ठेवू?"

"मंजूबाईले इचारा," धुरपताबाई म्हणाली. "घर तिचं आहे."

तिने फोन नंदाबाईच्या पिशवीत टाकला, लुगडं पोटरीपर्यंत वर खोचलं आणि पाण्यात उतरली. लाट आली, गुडघ्यापर्यंत चढली आणि परत जाताना तळव्याखालून मुठी मुठी वाळू ओढत गेली. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय, ते तिने आयुष्यभर नुसतं ऐकलं होतं. त्याने एवढ्या गुदगुल्या होतात, हे कुणी सांगितलं नव्हतं.