गेज बाभळीत अडकलं तेव्हा

बेळगाव-निपाणीच्या डायव्हर मित्रमैत्रिणींनो, समुद्र आपल्यापासून लांब, म्हणून आपण दगडाच्या बंद खाणीत साचलेल्या पाण्यात सराव करतो. दुकानातून भाड्याचं किट मिळतं, तेही क्लिपा तुटलेलं. आपण चिडतो आणि तसंच घालून उतरतो.

आज सकाळी बेळगुंदीजवळच्या खाणीत, तुम्हाला शिस्तीची भाषणं देणारा मीही तसाच उतरलो. क्लिप तुटल्यामुळं हवेचं गेज मागं लोंबत होतं. तळाशी बुडालेल्या बाभळीच्या बेचक्यात त्याची नळी अडकली आणि मी जागीच खिळलो. हिसका दिला तर नळी आणखी रुतली, गाळ उठला, पाणी काळं झालं. टाकीत हवा किती उरली हे सांगणारं गेज माझ्या पाठीमागं, झाडाच्या ताब्यात. आणि हाक मारायला तोंड मोकळं नाही.

पाण्यातल्या माझ्या जोडीदार, निपाणीच्या सुजाताआक्का, चाचपडत आल्या. त्यांनी फांदी वाकवून नळी सोडवली.

काठावर आल्यावर म्हणाल्या, "म्हशीच्या दाव्यागत लोंबत सोडलंयस व्हय रं? शिस्त काय फकस्त भाषणात?"

क्लिप दुकानदाराची तुटली होती; जीव माझा अडकला होता.

दुकानदाराशी मी भांडणारच आहे. तुम्ही मात्र त्याची वाट बघू नका. पुढच्या डाइव्हआधी स्वतःची एक क्लिप विकत घ्या आणि गेज छातीशी अडकवूनच पाण्यात उतरा.