बजरंगची खळ

कसबा पेठेत बजरंगच्या लाँड्रीतली खळ नावाजलेली. साबुदाणा शिजवायचा, फडक्यातून गाळायचा आणि उकळतानाच चमचाभर जिभेवर टेकवून बघायचा. जिभेला धरली की झाली. त्या खळीची सुती साडी अशी ताठ व्हायची की पेठेतल्या बायका म्हणायच्या, "बजरंगराव, साडी नेसायचीय, दाराला लावायची नाहीये."

"सैल पाहिजे तर बिनखळीची न्या," बजरंग म्हणायचा. गडी मूळचा मांजरी गावचा, पण पेठेत राहून जिभेला धार आली होती.

त्याच्या बायकोला, शकूला, दिवाळी सरता सरता लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं निम्मं गेलं आणि गिळणं बिघडलं. साधं पाणी वाट चुकून छातीत उतरायला लागलं. दवाखान्यातल्या गिळायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, पाणी मधासारखं दाट करून चमच्यानं पाजा. तेही जमलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. नळी म्हटल्याबरोबर शकूनं डावा हात असा झटकला की बाईंचं पेन उडालं.

"नगं," एवढंच बोलली. पण स्वच्छ बोलली.

बाईंनी पाणी दाट करायला गोंदाच्या भुकटीचा डबा दिला होता. बजरंगनं तो घरी आणून फळीवर टाकला.

"पानी दाट करायचं ह्या मला शिकवनार! जलम गेला माझा त्यात."

सकाळीच वाडगाभर खळ शिजवायची, साखर घालायची, कोमट होऊ द्यायची. भरवायच्या आधी चमचा आपल्या जिभेला टेकवून बघायचा, मग तोच वाडग्यात, मग शकूच्या तोंडात, परत वाडग्यात.

"उष्टं चारताय व्हय," शकू तोंड वाकडं करून म्हणायची. ते तसं आधीच वाकडं झालेलं.

"लगीन झाल्यापास्नं माझं उष्टंच खातीस की. आत्ता बरं सोवळं आठवलं."

पहिले चमचे नीट उतरायचे. वाडगा तळाला आला की खोकला सुटायचा. बजरंगला वाटायचं, दमली असंल. पाठीवरून हात फिरवायचा आणि उरलेलं संपवायचाच. अन्न टाकून द्यायचं वळण नव्हतं त्याला.

मग ताप चढला. दवाखान्यात सांगितलं, न्यूमोनिया; खाल्लंप्यालेलं छातीत गेलंय.

त्यांची लेक राजनंदिनी खराडीला राहायची, एका सॉसच्या कंपनीत लॅबमध्ये होती. आईचे कपडे न्यायला ती घरी आली आणि तिला फळीवरचा डबा दिसला. सील तसंच.

"आप्पा, हे उघडलंच नाही?"

"माझ्या खळीला काय झालंय?"

ती डबा घेऊन त्याच्यासमोर बसली. "ऐका. खळ काय नि हा गोंद काय, दोन्ही साखरेच्याच लांब साखळ्या. पाण्यात सुटल्या की पाणी अडवून धरतात. गोंदाच्या साखळ्यांवर चार्ज असतो, सगळ्यांवर सारखाच. म्हणून त्या एकमेकींना ढकलतात, पसरून राहतात, आणि चिमटीभरात पेला दाट होतो. शिवाय त्यांचे सांधे आपल्या थुंकीला तुटत नाहीत. खळीचे तुटतात. उष्टा चमचा वाडग्यात गेला की खळ पातळ व्हायला लागते."

"माझी खळ न्हाई पातळ व्हत. साडीवर म्हैनाभर ऱ्हाती."

"साडी थुंकते का, आप्पा?"

बजरंग उठला आणि दुकानात गेला. खळ शिजवली, दोन वाडग्यांत ओतली, कोमट होऊ दिली. एका वाडग्यात तोंडातला चमचा चांगला फिरवला. दुसऱ्याला हात लावला नाही. शटर अर्धं ओढून बसला. जरा वेळानं पहिल्या वाडग्यातला चमचा उचलला, तर खळ तारेसारखी गळाली. आणखी जरा वेळानं ताकासारखी. दुसरा वाडगा होता तसाच, दाट.

दुकानात जिभेला टेकवलेला चमचा उकळत्या पातेल्यात जायचा. तिथं थुंकीचा काय टिकाव लागणार? घरचा वाडगा कोमट. जीभ मात्र तीच, सवयही तीच. तळाचे सगळे चमचे त्याला एकेक करून आठवले, आणि प्रत्येकामागचा खोकला.

घरी येऊन त्यानं डबा फोडला. पेल्यात पाणी, वर भुकटी, ढवळलं. मधासारखं दाट झालं. सवयीनं चमचा ओठाशी गेला, तो त्यानं खाली घेतला, धुतला आणि पेला झाकून दवाखान्यात नेला.

शकूच्या नाकात नळी होती. नर्स म्हणाली, "काका, आता तोंडानं काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही. दोनदा नळी ओढली त्यांनी." शकूचा डावा हात मऊ पट्टीनं पलंगाच्या दांडीला बांधलेला होता.

तिनं डोळे उघडले. पेल्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"पानी," ती म्हणाली.

बजरंगनं पेला पलंगाखाली सरकवला. तिनं हात ओढला, पट्टीची गाठ सैल झाली. तो वाकला आणि त्यानं ती नीट आवळून बांधली.